गिरगावची हरवलेली चित्रगृहे : एका इतिहासाचा शोध

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी प्रदर्शित झाला, ही नोंद भारतीय चित्रपटाच्या प्रत्येक इतिहासग्रंथात सापडते. त्याआधी, २१ एप्रिल रोजी, ग्रँट रोडच्या ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी त्याचा खास खेळ झाला होता. कॉरोनेशन आणि ऑलिम्पिया या दोन्ही वास्तू आज अस्तित्वात नाहीत. चित्रपटाचा इतिहास लिहिताना आपण निर्माते, नट-नट्या आणि संगीतकार यांची चौकशी करतो. परंतु ज्या छताखाली हा इतिहास घडला त्या छताची चौकशी क्वचितच होते. वास्तविक, गिरगाव ते ग्रँट रोड या जेमतेम दोन-तीन किलोमीटरच्या टापूत चित्रपटाचा जेवढा आरंभकाळ सामावला आहे, तेवढा देशात अन्यत्र क्वचितच आढळेल.

या टापूला रंगभूमीची पूर्वपीठिका होती. नाना शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर १८४६ मध्ये ग्रँट रोड थिएटर उभे राहिले. विष्णुदास भावे यांच्या सांगलीकर मंडळींनी १८५३ मध्ये मुंबईकरांना मराठी नाटक दाखवले ते याच रंगमंदिरात. पुढे पारशी आणि उर्दू नाटक कंपन्यांची नाटकगृहे आसपास उभी राहिली आणि 'प्ले हाऊस'चा लोकांच्या तोंडी अपभ्रंश होऊन 'पिला हाऊस' हे नाव रूढ झाले. सिनेमा आला तेव्हा त्याने स्वतःसाठी नवी इमारत बांधली नाही. तो नाटकाच्या घरात पोटभाडेकरू म्हणून शिरला आणि हळूहळू घराचा मालक झाला. पिला हाऊसमधले आल्फ्रेड हे पूर्वीचे रिपन थिएटर. बोरीबंदरासमोरचे कॅपिटॉल म्हणजे १८७९ चे गेटी नाटकगृह. १९२८ मध्ये त्याचे चित्रगृह झाले. रॉयल ऑपेरा हाऊसचीही हीच वाटचाल. १९११ मध्ये बादशहा पंचम जॉर्ज यांच्या भेटीच्या वेळी उद्घाटन झालेली ही वास्तू संगीत आणि नाटकांकडून बोलपटांकडे वळली, नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी बंद पडली आणि दीर्घ जीर्णोद्धारानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा उघडली.

संशोधकाची पहिली अडचण येथूनच सुरू होते, ती नावांची. चित्रगृहाचा मालक वा भाडेकरू बदलला की पाटी बदलते. लॅमिंग्टन रोडवरील वितरकांचे केंद्र म्हणून गाजलेले नाझ हे पूर्वीचे वेस्ट एंड. ड्रीमलँड हे पूर्वीचे कृष्णा. शिवाय एकच नाव अनेक ठिकाणी भेटते. मिनर्व्हा मुंबईत होते तसे पुण्यातही होते. कॅपिटॉलही दोन्ही शहरांत. त्यामुळे एखाद्या जुन्या आठवणीत 'मिनर्व्हात पाहिलेला सिनेमा' असा उल्लेख आला तर तो कोणत्या गावचा आणि कोणत्या दशकातला, हे ताडून पाहिल्यावाचून पुढे जाता येत नाही.

नावांच्या जोडीला रस्तेही बदलले. जुन्या जाहिरातींतील सँडहर्स्ट रोड म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, लॅमिंग्टन रोड म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, गिरगाव रोड म्हणजे जगन्नाथ शंकरशेट मार्ग, आणि फॉकलंड रोड म्हणजे पठ्ठे बापूराव मार्ग. (शेवटचा बदल विशेष समर्पक म्हणावा लागेल. पिला हाऊसच्या वस्तीला तमाशाच्या शाहिराचे नाव मिळाले.) आजचा नकाशा हाती घेऊन १९१३ ची जाहिरात वाचणाऱ्याची फसगत होते ती अशी.

जाहिराती, स्मृती आणि साले

वृत्तपत्रातील जाहिरात हे या विषयाचे सर्वांत विश्वासार्ह साधन होय. ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात झाला, प्रवेशमूल्य एक रुपया होते, १४ जुलैपासून हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात होऊ लागले, हे सारे आपल्याला मुख्यत्वे त्या काळच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'तील जाहिरातींमुळे कळते. त्यांच्यातून आणखीही काही उमगते. नॉव्हेल्टीत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र बॉक्स राखून ठेवले गेले आणि तिकिटांचे दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत विभागले गेले. म्हणजे पहिल्याच महिन्यात सिनेमाने हॉटेलातल्या साहेबाचा नाद सोडून पिटातल्या प्रेक्षकाकडे मोर्चा वळवला होता. पुढे जे चित्रगृह उभे राहिले त्याचा सामाजिक नकाशा, म्हणजे खाली चार आण्यांची बाके आणि वर बाल्कनी, या दरपत्रकात आधीच आखलेला दिसतो.

स्मृती मात्र साधन म्हणून जपून वापरावी लागते. याचे उत्तम उदाहरण खुद्द फाळक्यांचे आहे. गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये 'लाइफ ऑफ क्राइस्ट' हा चित्रपट पाहून आपल्या मनात स्वदेशी चित्रपटाची कल्पना आली, असे त्यांनी १९१७ मध्ये 'नवयुग' मासिकातील लेखमालेत लिहिले आणि साल १९१० दिले. अनेक चरित्रकार मात्र हा प्रसंग १९११ च्या ईस्टरमधला मानतात. एवढ्या महत्त्वाच्या घटनेबद्दल, तीही घटना घडलेल्या माणसाने अवघ्या सहा-सात वर्षांनी सांगितलेली असताना, एका वर्षाचे अंतर पडते. मग सत्तर वर्षांपूर्वीच्या पहिल्या सिनेमाची आठवण सांगणाऱ्या आजोबांना दोष तो काय द्यायचा? त्यांच्या आठवणीतले साल चुकेल. परंतु दारावर तिकीट फाडणारा डोअरकीपर कसा बसे, मध्यंतरात काय विकले जाई, स्त्रियांना बाहेर पडण्यासाठी वेगळा दरवाजा होता की नाही, हे जाहिरातीत कधीच छापले जात नाही. ते त्यांच्याकडूनच कळायचे.

'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाची कथा यापेक्षाही बोलकी आहे. अर्देशीर इराणी आणि अब्दुलअली युसुफअली या भागीदारांनी १९१४ मध्ये अलेक्झांड्रा चित्रगृह घेतले आणि १९१८ मध्ये गिरगावात मॅजेस्टिक बांधले. १४ मार्च १९३१ रोजी याच मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' झळकला. गर्दी आवरण्यास पोलीस बोलवावे लागले आणि चार आण्यांची तिकिटे काळ्या बाजारात कित्येक पटींनी विकली गेली, असे सांगतात. या चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मॅजेस्टिकही पाडले गेले आणि त्या जागी मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आले. चित्रपटही नाही आणि चित्रगृहही नाही. उरल्या त्या जाहिराती, काही छायाचित्रे आणि दुकानांच्या इमारतीवरचे एक नाव. पुण्यातही असेच घडले. मंडईजवळचे आर्यन हे त्या शहराचे पहिले कायमस्वरूपी चित्रगृह. ते आणि शेजारचे मिनर्व्हा गेले. आज ही दोन्ही नावे वाहनतळांना आहेत. तेथे दुचाकी लावणाऱ्या तरुणास आपण कोणाच्या नावाची पावती घेत आहोत याची कल्पनाही नसते.

सरकारी कागद

जाहिरातींच्या खालोखाल उपयोगी पडतात ते सरकारी कागद. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने चित्रपट दाखवण्याच्या जागेस परवाना आवश्यक केला. ज्वालाग्राही नायट्रेट फिल्ममुळे आगीची भीती मोठी असे, म्हणून दरवाजे, जिने, यंत्रगृहाच्या भिंती यांची तपासणी होई. १९२३ मध्ये मुंबई इलाख्यात करमणूक कर आला आणि तिकिटांचा हिशेब सरकारदरबारी पोचू लागला. सर्वांत मोठा खजिना आहे तो टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालील १९२७-२८ च्या चित्रपट चौकशी समितीच्या साक्षींचा. देशभर फिरून समितीने साडेतीनशेहून अधिक साक्षी नोंदवल्या. त्यांत निर्माते आहेत, चित्रगृहचालक आहेत, स्वतः फाळकेही आहेत. कोणत्या थिएटरात कोणत्या थरातील प्रेक्षक येतो, विलायती चित्रपट किती चालतात, देशी किती, याबद्दल इतकी सविस्तर माहिती त्या काळासाठी दुसरीकडे मिळत नाही. मराठीत चित्रगृहांवर लिहिणाऱ्यांनी या खंडांकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे स्पष्टपणे म्हणावे लागते.

जागेचा इतिहास हवा असेल तर सिटी सर्व्हेचा मालमत्ता पत्रक उतारा काढावा. जमीन कोणाची, इमारत कोणाची आणि चालवणारा कोण, ही तीन माणसे बहुधा वेगवेगळी निघतात. चित्रगृह बंद का पडले याचे उत्तर अनेकदा पडद्यावर नसून या उताऱ्यात असते. लालबागचे भारतमाता घ्या. गिरणगावातील कामगारांनी मराठी चित्रपटांसाठी आपले मानलेले हे चित्रगृह इंडिया युनायटेड गिरणीच्या जमिनीवर उभे आहे. ती जमीन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्याने चित्रपट चालत असतानाही त्याच्यावर जागा सोडण्याची टांगती तलवार आली आणि मराठी चित्रपटसृष्टीस त्यासाठी आवाज उठवावा लागला.

खासगी कागदपत्रांची स्थिती सर्वांत चिंताजनक. प्रत्येक चित्रगृहात रोजच्या खेळांचा हिशेब, म्हणजे धंद्यातील भाषेत 'डीसीआर', लिहिला जाई. कोणत्या खेळाला किती तिकिटे खपली, कोणता चित्रपट कोणत्या आठवड्यात उतरवला, हे त्यात असते. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ मध्ये गिरगावच्या सेंट्रलमध्ये लागला आणि सत्तावन्न आठवडे चालला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या सत्तावन्न आठवड्यांत रविवारी सकाळी किती लोक आले, हा प्रश्न अशाच वह्या सोडवू शकतात. चित्रगृह बंद होते तेव्हा यंत्रे भंगारात आणि वह्या रद्दीत जातात. त्याच दिवशी कार्बन आर्कच्या प्रकाशात रिळे बदलणारा ऑपरेटर आणि बुकिंग क्लार्कही घरी जातात. कागद निदान रद्दीवाल्याकडे काही दिवस टिकतो.

जतन कशाचे?

पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून फिल्म, पोस्टर, छायाचित्रे आणि गाण्यांच्या पुस्तिका जमवत आले आहे. २०१९ मध्ये मुंबईत पेडर रोडवरील गुलशन महालात भारतीय चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालयही सुरू झाले. वास्तूंच्या बाबतीत मात्र पारडे एका बाजूला झुकलेले आहे. १९३३ चे रीगल आणि १९३८ चे इरॉस ही दक्षिण मुंबईतील आर्ट डेको चित्रगृहे २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या परिसरात येतात, आणि ते योग्यच झाले. परंतु पिला हाऊसच्या मळकट इमारतींना शैलीचे असे नाव नाही. तेथे जुने हिंदी चित्रपट स्वस्त दरात पाहणारा हमाल आणि स्थलांतरित मजूर वारसाप्रेमींच्या यादीत बसत नाही. वास्तूचे सौंदर्य हाच निकष लावला तर कॉरोनेशन अस्तित्वात असते तरी कदाचित ते वाचले नसते. जेथे भारतात प्रथम चलच्चित्रे दिसली त्या वॉटसन हॉटेलाची, म्हणजे आजच्या एस्प्लनेड मॅन्शनची, अवस्थाही फारशी निराळी नाही. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला आणि २०१९ मध्ये इमारत रिकामी करावी लागली.

चित्रगृहाच्या जागेवर नवी इमारत बांधताना तेथे लहानसे का होईना चित्रगृह ठेवण्याची अट महाराष्ट्रात दीर्घकाळ आहे. बंद थिएटरे वर्षानुवर्षे कुलुपात पडून राहतात त्याचे हेही एक कारण. अट हवी की नको यावर मालक आणि सरकार यांच्यात वाद चालूच राहतील. दरम्यान, ज्यांच्या घरी एखादे जुने तिकीट, गाण्यांची पुस्तिका किंवा चित्रगृहाबाहेर काढलेले छायाचित्र असेल, त्यांनी त्यामागे पेन्सिलीने ठिकाण व अंदाजे साल लिहून ठेवावे, आणि वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले थिएटरचे आधीचे नावही त्याखाली नोंदवावे.