घाट चढणारी थंडी : बर्फ, पिस्टन आणि जव्हार-मोखाड्याची लस

१/ १४ जून १८०२. मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर देवीची लस टोचण्यात आली. भारतातील हे पहिले यशस्वी लसीकरण मानले जाते. ही लस बगदाद-बसऱ्याच्या वाटेने आली होती. ॲनाच्या दंडावर उठलेल्या फोडातील द्रव घेऊन तो दुसऱ्या मुलांना टोचला गेला आणि तिथून लस पुणे, सुरत, हैदराबादकडे निघाली.

२/ लस कुपीतून न नेता माणसांच्या दंडांवरून का नेली? उन्हात तिचा गुण नाहीसा होई आणि तिला थंड ठेवण्याचे कोणतेही साधन त्या काळी नव्हते. म्हणून जिवंत शरीर हेच तिचे भांडे ठरले. या साखळीतील एक मूल जरी निसटले, तरी पुढच्या गावी लस पोहोचत नसे.

३/ थंडी आधी आली ती जहाजातून. १८३३ मध्ये फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकी व्यापाऱ्याचे ‘टस्कनी’ जहाज सुमारे १८० टन नैसर्गिक बर्फ घेऊन बोस्टनहून कलकत्त्यास निघाले. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातील सुमारे १०० टन शिल्लक होता. पुढच्याच वर्षी मुंबईतही बर्फ आला. जमशेटजी जीजीभॉय यांच्या मेजवानीत आइस्क्रीम वाढले गेले आणि यजमानांसह पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी वृत्तपत्राने छापली, ही हकीकत प्रसिद्धच आहे.

४/ योगायोग असा, की त्याच १८३४ मध्ये लंडनमध्ये जेकब पर्किन्स यांनी वाफ दाबून थंडी निर्माण करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. १८७० च्या दशकात जर्मनीत कार्ल फॉन लिंडे यांनी अमोनियावर चालणारा भरवशाचा कॉम्प्रेसर घडवला. गावोगावी बर्फाचे कारखाने निघाले आणि अमेरिकेतील तळ्यांच्या बर्फाचा व्यापार ओसरला.

५/ या यंत्राचे तत्त्व सोपे आहे. पिस्टन खाली येतो, तेव्हा थंड वायू सिलिंडरमध्ये ओढला जातो. वर जातो, तेव्हा तोच वायू दाबला जाऊन तापतो. कंडेन्सरमध्ये आपली उष्णता बाहेर टाकून तो द्रव होतो. अरुंद झडपेतून सुटताच त्याचा दाब पडतो, तो उकळू लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता भोवतालातून शोषून घेतो. यंत्र थंडी ‘तयार’ करत नाही. ते उष्णता उचलून दुसरीकडे नेते.

६/ आजच्या पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, सातपाटी-डहाणूच्या पट्ट्यात, पापलेटची मासेमारी बर्फावाचून चालत नाही. बर्फाच्या कारखान्यात मिठाच्या गार पाण्याच्या टाकीत पत्र्याचे साचे बुडवून लादी गोठवतात. त्या टाकीमागे पिस्टनचा कॉम्प्रेसर अहोरात्र चालतो. तो थांबला, तर समुद्रावर जाणाऱ्या होडीचा बर्फ अडतो.

७/ म्हणून अशा यंत्रापाशी शोधाइतकेच महत्त्व निगराणीला आले. तेलाची पातळी व दाब, ओढीचा व बाहेर पडणाऱ्या वायूचा दाब, त्याचे तापमान, या सर्वांची नोंद ठरलेल्या वेळी वहीत होते. जाणता ऑपरेटर आवाजावरूनही दोष ओळखतो. वायूऐवजी द्रव सिलिंडरमध्ये शिरला, की ठोके ऐकू येतात. द्रव दाबला जात नाही. झडपेच्या पातळ चकत्या मात्र फुटतात. अमोनिया गळत असल्याचा संशय आला, तर पेटत्या गंधकाची कांडी जोडाजवळ धरतात. पांढरा धूर उठला, की गळती सापडली. अमोनिया तांब्याला खातो, म्हणून नळ्या लोखंड-पोलादाच्या असतात.

८/ महाराष्ट्राने ही यंत्रे केवळ वापरली नाहीत, घडवलीही. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनीचे अमोनिया कॉम्प्रेसर दूधसंघांत आणि शीतगृहांत परिचयाचे झाले.

९/ आता किनारा सोडून घाट चढू. मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. रेल्वे ना जव्हारला पोहोचली, ना मोखाड्याला. पावसाळ्यात ओढे-नद्या भरल्या, की कित्येक पाडे तुटतात. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. कुपोषित मुलाला गोवर अधिक घातक ठरतो. इथे लस वेळेवर आणि जिवंत पोहोचणे हा जगण्यामरण्याचा प्रश्न असतो.

१०/ भारतात विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये आणि सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला. बहुतेक लसींना २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागते. त्यासाठी आरोग्य केंद्रांत आइस लाइन्ड रेफ्रिजरेटर, म्हणजे आयएलआर, आले. त्यांच्या भिंतींत पाण्याच्या नळ्यांचा थर गोठून राहतो आणि झाकण वरून उघडते, कारण जड असलेली थंड हवा तळाशीच टिकते. दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी आतली थंडी टिकावी, अशी ही रचना आहे.

११/ आयएलआरच्या पोटातही पिस्टनच आहे, फक्त लहानसा. मोटार आणि कॉम्प्रेसर एकाच जोडलेल्या पोलादी कवचात बंद असतात. ते कवच उघडून तपासता येत नाही, म्हणून निगा बाहेरूनच घ्यावी लागते : कंडेन्सरवरची धूळ झाडणे, व्होल्टेज स्टॅबिलायझर जपणे, आत ५ मिलिमीटरहून जाड बर्फ साचू न देणे आणि सकाळ-संध्याकाळ तापमान लिहिणे. अति थंडीही लसीचा घात करते. गोवराची लस उष्णतेने निकामी होते, तर धनुर्वाताची लस गोठल्याने.

१२/ जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयापासून शेवटच्या पाड्यापर्यंतची वाट मात्र यंत्राची नाही. तिथे आरोग्यसेविकेच्या खांद्यावर व्हॅक्सिन कॅरिअर असतो. त्यात चार आइसपॅक आणि मधोमध कुप्या. गोवराची कुपी एकदा द्रव मिसळून तयार केली, की ती चार तासांतच वापरावी लागते. म्हणजे घड्याळ आणि घाट यांची ही शर्यत.

१३/ २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. त्या यशाच्या इतिहासात शास्त्रज्ञांची नावे येतात. तापमानाची वही रोज भरणारा, आवाज बदलताच यंत्र तपासणारा माणूस मात्र कुठेच दिसत नाही. १८०२ मध्ये साखळीची एक कडी म्हणजे एका मुलीचा दंड होता. आज ती कडी एक लहानसा पिस्टन आहे. आणि त्याला चालू ठेवणारा हात आजही माणसाचाच आहे.