खुराची वाट आणि चाकाची वाट

नाणेघाटात गेलेला माणूस लेण्याच्या भिंतीवरचा ब्राह्मी लेख पाहतो. सातवाहनांची राणी नागनिका हिचा तो लेख, सुमारे दोन हजार वर्षांचा. तो पाहावाच. पण मग जरा पायांखालीही पाहा. तिथे मोठमोठे दगड बसवलेले आहेत, कुठे कातळात पायऱ्या खोदल्या आहेत. कल्याण-सोपाऱ्याचा माल याच वाटेने जुन्नरला चढे.

आता तुम्ही शेतकरी माणसे, सांगा बरे, या वाटेने गाडी चढेल का? नाही चढणार. पाठीवर गोण घेतलेला बैल मात्र चढतो. गुळगुळीत उतारावर त्याचा खूर निसटतो. पायरी असली की पाय टेकायला आधार मिळतो. चाकाचे नेमके उलटे. बैलाला जी पायरी आधार, तीच चाकाला अडसर. शिवाय उतरताना भरली गाडी बैलांच्या मानेवर येते, आणि वळण अरुंद असले तर जोडी वळते पण गाडी वळत नाही. म्हणजे वाट चांगली की वाईट, हे वाटेला विचारून कळत नाही. तिच्यावरून कोण जाणार, ते आधी विचारावे लागते.

बोरघाटाचेच पाहा. १८०४ साली जनरल वेलस्लीने तोफा नेण्यापुरता तो दुरुस्त केला. तरी चढ भारी होता, आणि व्यापाऱ्याचा माल बैलांच्या पाठीवरूनच जाई. १८३० साली गव्हर्नर माल्कमच्या वेळी चाकांसाठी बांधलेला रस्ता खुला झाला. डोंगराला वळसे घालत चढ सौम्य केला, म्हणून वाट लांबली. पण गाडी सरळ वर येऊ लागली.

आगगाडीचे चाक तर त्याहून नाजूक. १८५८ साली पुणे-खंडाळा गाडी सुरू झाली. खालून खोपोलीपर्यंत ती आधीच आलेली होती. मधला घाट मात्र उतारूंना पालखीत, तट्टावर, नाहीतर गाडीत बसून ओलांडावा लागे. १८६३ साली रूळ जोडले गेले, तेही ३७ फुटांना १ फूट असा चढ ठेवून. बैलगाडीवाल्याला तो चढ म्हणजे काहीच नव्हे!

या साऱ्यात लमाणांचे काय झाले, हे गुरुजींनी मुलांना जरूर सांगावे. शेकडो बैलांचे तांडे घेऊन मीठ आणि धान्य देशभर पोचवणारी ही माणसे. चाकाची वाट झाली आणि त्यांचा पिढीजात धंदा बसला. बैल विकले गेले, तांडे गावाबाहेर स्थिरावले, आणि कित्येकांच्या हाती मजुरीचे फावडे आले.