जुहूचे हौशी वैमानिक

बॉम्बे हायच्या तेलविहिरींकडे जाणारी हेलिकॉप्टर आज जुहूवरून उडतात. त्यामुळे हा विमानतळ कामाच्याच धबडग्यातून उभा राहिला असावा असे वाटते. प्रत्यक्षात तो उभा राहिला हौसेतून. १९२८ मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लब स्थापन झाला तेव्हा विलेपार्ल्याच्या पश्चिमेला होते ते माड, खाजण आणि चिखलाचे एक सपाट मैदान. पावसाळ्यात हे मैदान पाण्याखाली जाई. उरलेल्या महिन्यांत मात्र लाकूड आणि कापडाची विमाने उतरवायला याहून सोयीची जागा मुंबईजवळ नव्हती.

ही विमाने ‘मॉथ’ जातीची. जेफ्री डी हॅविलँड या इंग्रज कारखानदाराला पतंग आणि फुलपाखरे जमवायचा नाद होता. त्यानेच आपल्या विमानाला पतंगाचे नाव दिले. पहिले मॉथ फेब्रुवारी १९२५ मध्ये उडाले. त्याच्याआधी उडणे म्हणजे लष्कराचे काम किंवा गर्भश्रीमंतांचे वेड. मॉथला दोनच जागा, एकामागे एक, दोन्ही उघड्या, आणि इंजिन अवघ्या साठ अश्वशक्तीचे. कोंबडी पंख मिटते तसे त्याचे पंख मागे मिटवता येत. मग विमान मोटारीमागे जोडून घरी न्या, नाहीतर गॅरेजमध्ये ठेवा. ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी हौशी क्लबांना अनुदान द्यायला सुरुवात केली आणि दुकानदार, डॉक्टर, कारकून विमान शिकू लागले. तोच कित्ता भारतात गिरवला गेला. सरकारी मदतीवर दिल्ली, कराची, कोलकाता आणि मुंबई इथे क्लब निघाले.

शिकण्याची पद्धत आजच्या माणसाला धडकी भरवेल अशी. इंजिन सुरू करायला मदतनीस पंखा हाताने फिरवी. आत बसलेल्याने ‘कॉन्टॅक्ट’ असे ओरडून स्विच चालू करायचा आणि मदतनिसाने झटका देऊन चटकन मागे सरायचे. वाऱ्याच्या आवाजात शिक्षकाचे शब्द कानापर्यंत पोहोचावेत म्हणून रबरी नळी असे. एका टोकाला तोंड, दुसऱ्या टोकाला शिकाऊच्या टोपीतले कान. विमानाला ब्रेक नव्हते. जमिनीवर शेपटीची पट्टी घासत जाई आणि विमान आपोआप थांबे. जुहूचा मऊ चिखल म्हणूनच गैरसोयीपेक्षा सोयच अधिक ठरला असावा.

परीक्षेत दोन खुणांभोवती इंग्रजी आठाच्या आकड्याचे फेरे घ्यावे लागत आणि उंचावर इंजिन बंद करून ठरलेल्या जागेजवळ विमान उतरवून दाखवावे लागे. या दुसऱ्या कसोटीला महत्त्व होते, कारण त्या काळची इंजिने परीक्षेची वाट न पाहताही बंद पडत.

भारतात दिलेला पहिला परवाना, क्रमांक १, याच जुहूच्या क्लबात शिकलेल्या चोविशीतल्या तरुणाला १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळाला. हा तरुण म्हणजे जे.आर.डी. टाटा. त्यांचे बरेचसे बालपण फ्रान्समध्ये गेले होते. हार्डेलो या किनाऱ्यावरच्या गावात त्यांचे शेजारी होते लुई ब्लेरिओ, म्हणजे १९०९ मध्ये इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारे पहिले गृहस्थ. असा शेजार लाभल्यावर मुलाला वेड लागले नसते तरच नवल.

या हौसेची खरी परीक्षा लगेच झाली. इंग्लंड ते भारत हे अंतर, कुठल्याही दिशेने, ठरावीक मुदतीत एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगा खान यांनी पाचशे पौंडांचे बक्षीस लावले. १९३० मध्ये तिघे मैदानात उतरले. मनमोहन सिंग नावाच्या वैमानिकाने आपल्या विमानाला ‘मिस इंडिया’ नाव दिले होते. ते पोहोचले खरे, पण मुदत उलटून गेल्यावर. उरलेले दोघे विरुद्ध दिशांनी निघाले. अवघ्या सतरा वर्षांचा ॲस्पी इंजिनिअर इंग्लंडहून कराचीकडे, तर जे.आर.डी. कराचीहून लंडनकडे.

इजिप्तमधल्या अबुकीर इथे दोघांची गाठ पडली. ॲस्पी अडकून पडला होता. त्याला स्पार्क प्लग हवे होते आणि ते तिथे मिळेनात. जे.आर.डीं.नी आपल्याजवळचे सुटे प्लग काढून दिले. ॲस्पीने उपकाराची फेड म्हणून आपले लाइफ जॅकेट त्यांच्या हाती ठेवले. दोघेही आपापल्या वाटेने उडाले आणि ॲस्पी काही तासांच्या फरकाने जिंकला. जे.आर.डीं.चा मोठेपणा म्हणून ही गोष्ट नेहमी सांगतात, पण तीत त्या काळच्या क्लबांचा रिवाजही दिसतो. वाटेत अडकलेल्या वैमानिकाला पुढे जाऊ देणे हे तेव्हाचे पहिले पथ्य होते. आज तू, उद्या मी. पुढे ॲस्पी इंजिनिअर भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

छंदाचा धंदा व्हायला दोनच वर्षे लागली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डी. पस मॉथमध्ये टपाल घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. अहमदाबादेत बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतून पेट्रोल भरले गेले. विमानात रेडिओ नव्हता. नजर खाली ठेवायची आणि खुणा ओळखत जायचे, हे सारे क्लबातलेच शिक्षण. जुहूहून टपाल पुढे मद्रासला नेणारे नेव्हिल व्हिन्सेंट हे या हवाई टपालाच्या कल्पनेचे मूळ जनक. जुहूला टाटांच्या या विमान कंपनीचे कार्यालय म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली झोपडी. पावसाळा आला की अख्खा कारभार पुण्याला हलवायचा. एअर इंडियाचा वंशवृक्ष शोधत गेले तर शेवटी हीच झोपडी लागते.

दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझला मोठा तळ झाला आणि युद्धानंतर विमान कंपन्या तिकडे गेल्या. जुहूला उरले क्लबवाले. मात्र दोन विमानतळ इतके जवळ की मोठी विमानेसुद्धा चकत. जुलै १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीचे कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरले. हलके करून ते पुन्हा उडवायला नऊ दिवस लागले. त्यातून धडा घेतला गेला म्हणावे, तर सप्टेंबर १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचे डीसी-८ त्याच जागी उतरले आणि धावपट्टी संपल्यावरही पुढे गेले. जीवितहानी झाली नाही, विमान मात्र कायमचे निकामी झाले. जुहूची धावपट्टी जेमतेम ११४३ मीटर. सेसनासारख्या छोट्या विमानाला ती पुरून उरते, जेटला तिथे उभे राहायलाही धाकधूक वाटावी.

त्या जुहूवर १९८२ मध्ये पुन्हा एकदा जुने लेपर्ड मॉथ उतरले. पहिल्या टपाल-उड्डाणाच्या पन्नासाव्या वाढदिवशी कराचीहून ते चालवत आणले होते अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जे.आर.डीं.नी.

आज हौशी वैमानिक मुंबईत सापडतो, पण चटकन नाही. बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण बरेचसे धुळ्याला चालते, कारण तिथे आकाश मोकळे आहे. शिकायला येणाऱ्या बहुतेकांचा डोळा विमान कंपनीच्या नोकरीवर असतो. तास मोजायचे, परवाना घ्यायचा आणि पुढे जायचे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कर्ज काढून आलेल्या मुलाने ढगांची मजा किती बघावी? तरीही जुना ओघ पूर्ण आटलेला नाही. बोरिवलीची आरोही पंडित या क्लबात शिकली आणि मे २०१९ मध्ये छोट्या स्पोर्ट विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडून गेली. कांदिवलीच्या घराच्या गच्चीवर अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले, ते याच वेडाचे दुसरे रूप.

सगळ्यात जुनी सवय मात्र तशीच राहिली आहे. उडण्यापूर्वी वैमानिक पंखाखालच्या झडपेतून थोडे पेट्रोल पारदर्शक पेल्यात काढतो आणि उजेडाकडे धरतो. विमानी पेट्रोल निळसर असते. तळाशी पाण्याचा थेंब दिसला तर तो जाईपर्यंत पुन्हा पुन्हा काढायचे. हे निळे पेट्रोल वर्षानुवर्षे परदेशातून येत असे. २०२२ पासून इंडियन ऑइल ते वडोदऱ्याला तयार करू लागली. छोट्या विमानांच्या दुनियेत ही मोठी बातमी होती, पण ती चर्चिली गेली ती प्रामुख्याने प्रशिक्षण संस्थांमध्ये.

खासगी परवान्यासाठी आजही वयाची सतरा वर्षे आणि किमान चाळीस तासांचे उड्डाण लागते. तो हातात आला की मित्राला शेजारी बसवून किनाऱ्यावरून फेरी मारून आणता येते. फक्त त्याच्याकडून भाडे घ्यायचे नाही.