१२.९५ वॅट आले कुठून?

तुमच्या लॅबच्या छताला वाय-फायचा डबा किंवा कॅमेरा असेल तर एकदा नीट बघा. बहुतेक वेळा त्याला एकच केबल गेलेली दिसेल. डेटा त्यातूनच आणि वीजही त्यातूनच. याला पॉवर ओव्हर इथरनेट म्हणतात, थोडक्यात पीओई. माझा विषय नेटवर्किंग नाही. एका रात्रीचा डेटा गेला म्हणून मी याच्या मागे लागले. ते शेवटी सांगते.

सुरुवात टेलिफोनपासून करू. घरातली वीज गेली तरी जुना लँडलाइन चालायचा, आठवतंय? कारण एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचे ४८ व्होल्ट बोलण्याच्याच तांब्याच्या जोडीतून घरापर्यंत यायचे. पुढे ऑफिसांतले फोन इथरनेटवर गेले आणि ही सोय हरवली. प्रत्येक फोनला वेगळा अडॅप्टर, आणि वीज गेली की फोन मुका. सिस्कोने २००० च्या सुमारास केबलमधूनच वीज देणारी स्वतःची पद्धत आणली, पण ती सगळ्यांची नव्हती. सगळ्यांसाठीचं मानक, आयईईई ८०२.३एएफ, २००३ मध्ये आलं.

यातली खरी अडचण वीज पाठवण्याची नव्हती, न पाठवण्याची होती. त्याच सॉकेटमध्ये कुणी साधा लॅपटॉप लावला तर? म्हणून स्विच आधी चाचपतो. १० व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी दाब देऊन पलीकडे साधारण २५ किलोओहमचा रोध आहे का ते बघतो. तो सापडला तरच पूर्ण दाब सोडतो. मला हा भाग फार आवडतो. एका साध्या रेझिस्टरने सगळी ओळखपरेड उरकली.

आता शीर्षकातला आकडा. मानक म्हणतं, स्विचने पोर्टवर १५.४ वॅट द्यावेत, उपकरणाने १२.९५ पर्यंतच घ्यावेत. असा विचित्र आकडा दिसला की आपण तो पाठ करतो आणि पुढे जातो. थांबा, वही काढा. स्विचचा किमान दाब ४४ व्होल्ट, कमाल प्रवाह ०.३५ अँपिअर, गुणाकार १५.४. शंभर मीटर केबलचा जाऊन-येऊन रोध जास्तीत जास्त २० ओहम धरला होता. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे २.४५ वॅट तारेतच उष्णता होऊन जातात. वजा करा: १२.९५. बारावीचं भौतिकशास्त्र! २००९ च्या ८०२.३एटीसाठी ५० व्होल्ट, ०.६ अँपिअर आणि १२.५ ओहम घेऊन तुम्हीच करून बघा; ३० मधून २५.५ उरले पाहिजेत. २०१८ च्या ८०२.३बीटीने चारही जोड्या वापरून पोर्टवर ९० वॅटपर्यंत मजल मारली.

पण पोर्टला परवानगी आहे म्हणून स्विचकडे तेवढी वीज असतेच असं नाही. २४ पोर्टच्या अनेक स्विचचं पीओई बजेट ३७० वॅट असतं. जुन्या हिशेबाने सगळ्या पोर्टना पुरतं (२४ गुणिले १५.४ करा), पण ३० वॅटवाली उपकरणं बाराच बसतात. मग कुणाला उपाशी ठेवायचं? डिसेंबर २००३ च्या आरएफसी ३६२१ मध्ये याची सोय दिसते: प्रत्येक पोर्टला क्रिटिकल, हाय किंवा लो असा प्राधान्यक्रम देता येतो, आणि पोर्टची वीज दुरूनच चालू-बंद करता येते.

आता माझी रात्र. बियांच्या अंकुरणाचे दर पाच मिनिटांनी फोटो घेणारा माझा कॅमेरा पोर्ट २२ वर होता. संध्याकाळी कुणीतरी त्याच स्विचवर नवे वाय-फायचे डबे जोडले, आधीच्या पोर्टवर. बजेट संपलं. सगळे पोर्ट लो वरच होते, आणि प्राधान्य सारखं असलं की बऱ्याच स्विचमध्ये लहान नंबरचा पोर्ट जिंकतो. सकाळी शेवटचा फोटो रात्री ८.४० चा. मी आठवडाभर कॅमेऱ्याला दोष देत बसले, त्याचं फर्मवेअरही बदललं. स्विचच्या लॉगमध्ये पोर्ट २२ ची वीज काढल्याची नोंद पहिल्या दिवसापासून पडून होती.

बिया पुन्हा पेराव्या लागल्या. कॅमेरा आता पोर्ट १ वर आहे, क्रिटिकल वर.