गोधडीचा हिशेब

मराठी कवितेत आणि ललितगद्यात गोधडी आली की तिच्यासोबत बहुधा आजी येते, आईच्या लुगड्याचा वास येतो आणि शेवटी ऊब येते. ही ऊब खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिच्यावर लेखणी थांबली की काही साधे प्रश्न विचारायचे राहून जातात. ते कापड कुठून आले? त्याला पैसे किती पडले? शिवणारीला शिवायला कोणी शिकवले? दुपारचे इतके तास तिने कुठल्या कामातून काढले? प्रस्तुत लेखात हे प्रश्न जळगाव-धुळे भागापुरते, म्हणजे जुन्या खानदेशापुरते विचारले आहेत. या भागाची निवड करण्याचे कारण असे की, इथे घरातल्या सुईचा इतिहास कापसाच्या इतिहासाला लागूनच घडला आहे.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे भुसावळ-जळगावपर्यंत पोचली. काळ्या जमिनीतला कापूस गाडीत भरून मुंबई बंदराकडे जाऊ लागला आणि या भागात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. १८७० नंतर जळगावला सूत-कापडाची गिरणी आली. पुढे अमळनेर, धुळे, चाळीसगाव येथेही गिरण्यांचे भोंगे वाजू लागले. १९०६ साली या जिल्ह्याचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले, तेव्हा कापूस हे इथले मुख्य नगदी पीक होऊन गेलेले होते.

नगदी पिकाचा अर्थ शेतकऱ्याच्या घरात फार सरळ असतो. जे पिकते ते विकण्यासाठी असते. कापूस वेचणारीच्या ओट्यातला कापूस सावकाराकडे, अडत्याकडे, जिनात जाई. पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली गादी आणि रजई ही ऐपतीची खूण होती, कारण तिला कापूसही लागे आणि पिंजाऱ्याची मजुरीही. खानदेशातला पौष-माघ चांगलाच झोंबतो. त्या थंडीत ज्या घराने शेतात कापूस पिकवला त्या घराने अंगावर चिंध्या पांघरल्या. गोधडीत कापूस नसतो. वापरून झालेल्या कापडाचे थर असतात. कापसाच्या मुलखात बिनकापसाचे पांघरूण का, या प्रश्नापासून गोधडीच्या इतिहासाला सुरुवात करायला हवी.

नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट कापड. त्याची चार पदरी घडी केली की पावणेसात फूट लांबी येते, म्हणजे माणूस पाय पसरून निजू शकेल एवढी. पन्ह्याला कात्री लावायची गरज नाही. रुंद गोधडी हवी असेल तर दोन लुगडी काठाला काठ जोडावीत. धड राहिलेले लुगडे वर आणि खाली. मधल्या थरांत धोतराची फाटकी पाने, सदऱ्यांच्या पाठी, परकरांचे तुकडे. विरलेल्या जागेवर ठिगळ. मग कडेने धावदोरा सुरू होतो आणि चौकोनात फिरत फिरत मध्याकडे येतो. हे टाके शोभेसाठी नसतात. थर एकमेकांवरून सरकू नयेत, धुताना आतल्या चिंध्यांचा गोळा होऊ नये म्हणून ओळी जवळजवळ घ्याव्या लागतात. विकत आणायचे ते सुई आणि दोरा एवढेच. बाकी सारे भांडवल घरात आधीच येऊन झिजलेले असते.

लुगड्याचा हा प्रवास एका टप्प्यात संपत नसे. फाटलेल्या भागाखेरीज उरे तो धडपा घरात नेसायला होई. त्याहून मऊ झालेल्या कापडाची दुपटी होत. तान्ह्या मुलाला जुन्या कापडात गुंडाळण्याची जी रीत आहे तिच्यामागे श्रद्धा असेल तशी साधी सोयही आहे; शेकडो धुण्यांनी जेवढा मऊपणा कापडाला येतो तेवढा नव्या मांजरपाटाला येत नाही. त्यानंतर गोधडी, आणि गोधडीही विरली की पोतेरे. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण आपण उपदेश म्हणून वापरतो. या घरांत मात्र अंथरूणच पायांच्या मापाने, हाताशी असलेल्या तुकड्यांतून बेतले जात होते.

हे शिक्षण कसे होई? त्याला वर्ग नव्हता, परंतु क्रम होता. पहिला हात चिंध्यांच्या बाहुलीवर बसे. मग फाटक्या सदऱ्याचे ठिगळ, मग उशीचा अभ्रा, मग झबले-टोपडे आणि सर्वांत शेवटी मोठ्या बायकांच्या रांगेत बसून गोधडीचा एक कोपरा. या क्रमात चुकीच्या किमतीचा विचार आहे. नवशिक्या मुलीच्या हाती तेच कापड जाई, जे बिघडले तरी घराचे नुकसान होणार नाही. नव्या कापडावर कोणी शिकत नसे. गोधड्या शिवायचा काळ उन्हाळ्याचा. शेते मोकळी झालेली, पाऊस अजून लांब, आणि आखाजीला लेकी माहेरी आलेल्या. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात आणि सासुरवाशिणीच्या वर्षात या सणाइतका मोकळा काळ दुसरा नाही. त्या मोकळ्या काळातही हात रिकामे राहत नसत हेही नोंदवले पाहिजे.

शिवलेल्या वस्तूचे दुसरे रूप म्हणजे देणे. बारशाला आईकडून येणारा बाळंतविडा म्हणजे झबली, टोपडी, कुंची, दुपटी, लंगोट आणि पाळण्यावर टांगायच्या कापडी चिमण्या. लग्नातल्या रुखवतात तोरणे, भरतकामाचे रुमाल, अभ्रे आणि मण्यांच्या वस्तू मांडल्या जात. दोन्हींमध्ये घरच्या हाताचे कौतुक असते. पण दोन्हींमध्ये मोजमापही असते. मुलीच्या आईला सोने देता येत नाही तिथे ती वेळ देते, आणि मांडलेल्या रुखवतावरून सासरची मंडळी मुलीच्या हाताची परीक्षा करतात. रुखवत हे एका अर्थाने मुलीचे प्रगतिपुस्तक होते, आणि त्यावर सही करणारे दुसऱ्याच घरचे होते. स्वस्तातली भेट म्हणून आपण जिचे गुणगान करतो ती भेट देणारीला स्वस्त पडत नव्हती. पैशाच्या जागी तिचे डोळे आणि तिच्या दुपारी खर्च होत होत्या.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या घरगुती कौशल्याला शाळेत जागा मिळाली, ती मात्र वादातून. पुण्यात १८८४ साली मुलींचे हायस्कूल निघाले तेव्हा मुलींना इंग्रजी आणि गणित शिकवावे की गृहोपयोगी विषय, यावर लोकमान्यांच्या पत्रांनी सुधारकांशी कडाक्याचा वाद घातला. त्या वादात सुई ही मुलींना पुस्तकापासून दूर ठेवण्याचे साधन होती. पंचवीस वर्षांनी, १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन उभे केले, तेव्हा त्याच सुईला वेगळा अर्थ आला. निराधार आणि विधवा स्त्रीला चार पैसे मिळवून देणारी विद्या म्हणून तिथे शिवणकाम शिकवले गेले. एकच सुई घरात कोंडूही शकते आणि घराबाहेर पडायची वाटही दाखवू शकते. ती कोणाच्या हेतूने हाती दिली आहे यावर ते अवलंबून राहते.

या नव्या विद्येचे नाव ‘शिवण-कर्तन’. नावातच फरक आहे. गोधडी घडीपासून सुरू होते, शिवणवर्ग कात्रीपासून. वर्गात आधी कागदावर आकृती काढायची, मापे लिहायची, मग कापड बेतायचे. त्यासाठी नवे कापड लागते, टेप लागते, अक्षरओळख लागते आणि पुढे यंत्र लागते. शिलाई यंत्र एकोणिसाव्या शतकात परदेशातून आले. कलकत्त्यात १९३० नंतर ‘उषा’ यंत्रे तयार होऊ लागली आणि हळूहळू ती मध्यमवर्गीय घरांत पोचली. यंत्राने वेग दिला, मजुरी दिली. गरजू महिलांना शिलाई मशीन वाटप ही बातमी आजही स्थानिक वर्तमानपत्रांत नियमाने वाचायला मिळते. त्या बातमीत शिवणकाम ‘शिकवले’ जाते. त्या महिलांच्या आयांना जे येत होते ते शिक्षणाच्या हिशेबात कुठेच धरलेले नसते.

राष्ट्रीय चळवळीने कापडाला राजकीय अर्थ दिला, आणि त्या अर्थाचा एक मोठा प्रयोग खानदेशातच झाला. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. खादी आणि ग्रामोद्योगांचे प्रदर्शन होते आणि सजावटीसाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बसू आले होते. खेड्यात मिळते त्याच साहित्यातून, बांबू आणि चटयांतून त्यांनी तो परिसर उभा केला. गरिबीच्या साधनांतून सौंदर्य निर्माण होते ही गोष्ट त्या दिवसांत हजारो लोकांनी उघड्या डोळ्यांनी पाहिली. तरी या चळवळीच्या ध्वजावर चरखा आला, सुई आली नाही. सूत कातणे हे देशकार्य ठरले. तेच सूत विरल्यावर त्याला पुन्हा उभे करणे हे घरकामच राहिले.

नंदलाल बसू ज्या बंगालमधून आले तिथे अशाच जुन्या कापडाच्या थरांना कंथा म्हणतात. जसीमुद्दीन यांचे ‘नक्शी काँथार माठ’ हे कथाकाव्य १९२९ सालचे. स्टेला क्रामरिश यांनी १९३९ साली कंथेवर कलासमीक्षक म्हणून लिहिले. गुरुसदय दत्त यांनी कंथा गोळा करून जपल्या. कंथेवर चित्रे असतात, गोधडीवर बहुधा नसतात, म्हणून हा फरक पडला असे म्हणता येईल. परंतु चित्र हाच कलेचा पुरावा मानला तर घडी, थर आणि टाक्यांची ओळ यांतली बुद्धी आपल्याला दिसणारच नाही.

मराठी वाङ्मयात शिवण अगदीच नाही असे नाही. संत नामदेव शिंपी होते. गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झालेल्या त्यांच्या एका पदात गज, कात्री, सुई आणि दोरा ही भक्तीची साधने होतात. हे मात्र व्यवसायाने शिवणाऱ्या पुरुषाचे रूपक आहे. अमळनेरला सहा वर्षे शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तिच्यात श्याम धाकट्या भावासाठी कोट शिवून नेतो; कापडाची भेट तिथे प्रेमाची कसोटी होते. आणि बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्याकडे आलो की रूपक मागे पडते, श्रम पुढे येतात. जाते, मोट, चूल ही त्यांच्या कवितेतली साधनेच आहेत. सुगरणीच्या घरट्यावरच्या त्यांच्या प्रसिद्ध कवितेत घराची ऊब आहे, त्याचबरोबर ते विणणाऱ्या जिवाजवळ हत्यार कोणते होते याचीही विचारपूस आहे. गोधडीच्या कवितेतून नेमकी हीच विचारपूस गळते.

बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांच्या ओव्या टिकल्या, कारण घरातल्या मुलांनी त्या लिहून ठेवल्या, सोपानदेवांनी त्या जपल्या आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली त्यांचे पुस्तक झाले. ज्या असंख्य स्त्रियांची रचना दोऱ्यात होती त्यांना लेखनिक मिळाला नाही. आणि वस्तू तर वापरण्यासाठीच केलेली. ती झिजून संपली म्हणजे तिने आपले काम केले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा क्रमच तुटला. बोहारीण दारात आली, जुन्या कपड्यांवर स्टीलचे पातेले आणि डबा मिळू लागला. गोधडीत जाणाऱ्या लुगड्याला पहिल्यांदाच घराबाहेर किंमत आली, आणि घरातल्या स्त्रीने ती घेतली. यात हळहळण्यासारखे काही नाही. नऊवारीची जागा पाचवारीने घेतली. पाचवारीच्या चार घड्या केल्या तर लांबी पावणेचार फुटांवर येते. दोनच केल्या तर लांबी पुरते पण थर निम्मे होतात. नायलॉन आणि पॉलिएस्टर थरांत सरकते, घाम शोषत नाही. गिरण्या बंद पडल्या. जळगावच्या खानदेश मिलच्या जागेवर व्यापारी संकुल उभे राहिले. गोधडीही दुकानात आली आहे, हाताने शिवलेली म्हणून तिला चांगला भावही येतो. तो भाव टाके घालणारीपर्यंत किती पोचतो, हा पुन्हा हिशेबाचाच प्रश्न आहे.

धुळ्याला इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून आहे. गावोगाव पायपीट करून त्यांनी वाड्यांच्या माळ्यांवरचे कागद वाचवले. जुनी कागदपत्रे ज्या कापडात बांधून ठेवतात त्याला आणि त्या गठ्ठ्यालाही आपल्या दप्तरखान्यांत ‘रुमाल’ म्हणतात. कागद उलगडताना रुमाल बाजूला ठेवायची इतिहासाला सवय आहे. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतून बोलीचे, ओव्यांचे, म्हणींचे संकलन होत आले आहे. त्याच वहीत आणखी एक सदर घालता येईल. घरात एखादी जुनी गोधडी उरली असेल तर तिच्याजवळ घरातल्या वृद्ध स्त्रीला बसवावे आणि विचारावे: हा काठ कोणाच्या लुगड्याचा, ते कुठल्या बाजारातून आणि किती रुपयांना आणले, हे ठिगळ कोणत्या वर्षीचे, या ओळी कोणाच्या हातच्या, किती दुपारी लागल्या, आणि त्या दुपारी घरातली बाकीची कामे कोणी केली. उत्तरे ती सांगेल तशी, अहिराणीत, तिच्याच शब्दांत लिहून घ्यावीत. ही माणसे अजून आपल्यात आहेत, तोवर हे काम करता येण्याजोगे आहे.