झेंडा विकत घ्यावा का?

मंडळी, काल संध्याकाळी नवी पेठेतून चालत येत होतो. सगळीकडे तिरंगा. बिल्ले, फुगे, मनगटात घालायचे पट्टे, मोटारीच्या काचेमागं उभे करायचे छोटे झेंडे, दुपट्टे, आणि मिठाईच्या दुकानात तीन रंगांची बर्फी. बरोबर आमचे एक जुने सहकारी होते. ते म्हणाले, "सर, देशभक्तीचा नुसता बाजार मांडलाय." आम्ही मान हलवली. घरी आल्यावर वाटलं, मान हलवायची जरा घाईच झाली. ज्या गावानं शंभर-दीडशे वर्षं कापड विणून आणि विकून पोट भरलं, त्या गावात 'बाजार' हा शब्द शिवीसारखा वापरावा, हे बघा, विचार करण्याजोगं आहे.

आजचं आमचं म्हणणं एवढंच आहे की झेंडा आणि बाजार यांची ओळख आजची नाही. ती तपासून मगच नाक मुरडावं.

6 एप्रिल 1930 या तारखेपासून सुरुवात करू. त्या दिवशी गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. आणि त्याच दिवशी सोलापूर नगरपालिकेवर राष्ट्रध्वज चढला. स्वातंत्र्यापूर्वी असं करणारी देशातली ही पहिली नगरपालिका, असं आपण सोलापूरकर अभिमानानं सांगतो. आता एक बारकी गोष्ट. आजचा केशरी-पांढरा-हिरवा क्रम काँग्रेसनं ठरवला 1931 साली. त्याआधी चालत होता तो झेंडा पांढरा, हिरवा, लाल, आणि वर चरखा. म्हणजे ज्या झेंड्यासाठी आपल्या गावानं एवढं सोसलं, तो आजच्या दुकानात मिळणारा झेंडा नव्हेच. रंग बदलले तरी निष्ठा बदलली नाही. प्रतीकाचं हेच तर वैशिष्ट्य आहे.

बरं, तिकडं दांडीच्या मिठाचं काय झालं? त्या चिमूटभर मिठाचे लिलाव झाले. लोकांनी बोली लावून, चढ्या भावानं ते घेतलं. आता सांगा, हा देशभक्तीचा बाजार नव्हे काय? त्याआधी स्वदेशीच्या काळात पैसा फंड निघाला, माणशी एक पैसा गोळा करून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. म्हणजे राष्ट्र नावाची कल्पना आपल्याकडं व्याख्यानांतून आली तशी दुकानातूनही आली. खादी ही तर विकत घ्यायचीच वस्तू होती की!

मग फरक कुठं पडतो? ते मे महिन्यात दिसलं. 8 मे 1930 ला गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे हा तरुण गेला. पुढचे तीन-चार दिवस गावात इंग्रजांची सत्ता म्हणून उरली नव्हती. मग 12 मे रोजी लष्करी कायदा आला, तो जूनअखेरपर्यंत राहिला. त्या काळात हातात झेंडा दिसणं हा गुन्हा होता. 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्यात फाशी दिली. त्या वर्षी झेंड्याच्या कापडाला काही आणेच पडत असतील. पण तो बाळगण्याचं मोल वेगळं होतं, आणि ते दुकानदाराच्या गल्ल्यात जात नव्हतं.

इथं कांट आठवतो. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, सवय जात नाही, माफ करा. तो म्हणतो, ज्याच्या बदल्यात दुसरं काही देता येतं त्याला किंमत असते. ज्याच्या बदल्यात काहीच देता येत नाही त्याला प्रतिष्ठा असते. आमच्या मित्राची तक्रार अशी की प्रतिष्ठेच्या वस्तूला किंमतीचं लेबल लावलं. पण लेबल कापडाला लागतं हो. देवाची मूर्तीही आपण विकतच आणतो. भाव करून आणतो! ती पूज्य होते नंतर, घरात.

आता स्वातंत्र्यानंतरची गंमत ऐका. 22 जुलै 1947 ला घटना समितीनं आजचा ध्वज स्वीकारला. आणि त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं सामान्य माणसाला तो आपल्या घरावर एरवी फडकवता येत नव्हता. ठरावीक राष्ट्रीय दिवस सोडले तर झेंडा सरकारी इमारतींचा, आम्ही खाली उभे राहून बघणारे. आमच्या लहानपणी शाळेच्या दारात काडीला चिकटवलेला कागदी झेंडा मिळायचा, तेवढीच आमची मालकी. 26 जानेवारी 2002 पासून नवी ध्वजसंहिता आली, आणि 2004 साली नवीन जिंदाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सन्मानपूर्वक ध्वज फडकवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. हक्क मिळाला की मागणी येते, मागणी आली की दुकान येतं. यात पाप कुठलं?

कायद्यानं रेषाही आखल्यात. रुमाल, नॅपकिन, उशी यांवर ध्वज छापायचा नाही, कमरेखालच्या पोशाखात वापरायचा नाही. पण तीन रंग म्हणजे ध्वज नव्हे. 2013 च्या नाताळात कोइमतूरला तिरंगी केक कापला, वर अशोकचक्रही होतं. तक्रार झाली, प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं, आणि मार्च 2021 मध्ये न्यायालयानं सांगितलं, हा अपमान नव्हे. तेव्हा बर्फी निर्धास्त खा.

आमची खरी अस्वस्थता दुसरीकडंच आहे. 30 डिसेंबर 2021 ला संहिता बदलली. तोवर कापडी ध्वज हातानं कातलेला, हातानं विणलेला हवा होता. आता यंत्रावरचा आणि पॉलिस्टरचाही चालतो. पुढच्या ऑगस्टमध्ये 'हर घर तिरंगा' आलं, टपाल कचेरीत 25 रुपयांत झेंडा मिळू लागला. आम्हीही घेतला. गच्चीवर लावताना छाती भरून आली, हे लपवत नाही. पण हुबळीजवळच्या बेंगेरीत आणि आपल्या नांदेडात खादीचे झेंडे करणारी जी माणसं आहेत, त्यांच्या पोटाचं काय? बेंगेरीची नाराजी तर उघडच दिसली. घरोघर झेंडा पोचवायचा तर खादी पुरणार नाही, हा सरकारचा युक्तिवादही खोटा नाही. चादरी नि टॉवेल विणणाऱ्या गावाला हे दोन्ही कळतं. यंत्रमागानं हातमागाला कसं मागं सारलं ते पूर्व भागातल्या घराघरानं पाहिलंय. स्वस्त मालाला नावं ठेवणारे आपण, आणि तोच घेणारेही आपणच. आमचा पहिला झेंडा 25 रुपयांचा होता. पुढच्या वर्षी आम्ही खादीचा मागवला, बराच महाग पडला. निवृत्तिवेतन आहे म्हणून परवडला, सगळ्यांना सांगायचा अधिकार आम्हाला नाही.

दुसरी गोष्ट 16 ऑगस्टची. एकदा सकाळी फिरायला निघालो तर गटाराच्या कडेला चार-पाच प्लास्टिकचे झेंडे. कागदी झेंडे जमिनीवर टाकू नयेत, खाजगीत, मानानं त्यांचा निरोप घ्यावा, असं संहिता सांगते. प्लास्टिकला तर मनाईच. आम्ही ते वाकून उचलले, गुडघे दुखत होते तरी. समोरचा पानवाला म्हणाला, "सर, द्या इकडं, मी ठेवतो." त्याच्या खोक्यात आधीच पंधरा-वीस गोळा केलेले होते. विकणारा तो नव्हता, विकत घेणाराही नव्हता.

शेवटी एक निरीक्षण सांगतो आणि बसतो. 12 जानेवारीला सकाळी चार पुतळ्यांजवळ हार घातले जातात. त्याच आठवड्यात सिद्धेश्वराचा गड्डा भरतो, पाळणे, खेळणी, बांगड्या, खाऊची दुकानं, पाय ठेवायला जागा नसते. पण त्या चौघांच्या नावाचा एक बिल्ला, एक साधी तसबीर आम्हाला त्या दुकानांत आजवर दिसली नाही. एका विक्रेत्याला विचारलं, का रे बाबा ठेवत नाहीस? तो म्हणाला, "सर, कोण मागतंय?"