निचियोबी ते दोयोबी : जपानी वारांची कुळकथा

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण नोकरीच्या निमित्ताने योकोहामा येथे असतो. गेल्या नाताळात त्याने आम्हांस भिंतीवर लावण्याची एक जपानी दिनदर्शिका पाठविली आणि सोबतच्या पत्रात एक प्रश्न विचारला : आपला वसईचा संत गोन्सालो गार्सिया ज्या दिवशी नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर गेला, तो वार कोणता ? आणि जपानी लोक त्या वारास काय म्हणत असतील ? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कागद-पेन्सिलीने निघाले. दुसऱ्याने मात्र आम्हांला पुष्कळ दूरवर हिंडविले.

आधी वारांची नावे पाठ करणे आले. सेमिनरीत लॅटिनची रूपे घोकली, त्या वयातील स्मरणशक्ती आता कुठून आणावी ? तरीही आठवडाभरात सातही शब्द जिभेवर बसले. रविवार निचियोबी, सोमवार गेत्सुयोबी, मंगळवार कायोबी, बुधवार सुइयोबी, गुरुवार मोकुयोबी, शुक्रवार किन्योबी, शनिवार दोयोबी. यातील ‘यो’ लांबवून म्हणावयाचा. त्याचा अर्थ आकाशातील तेजोगोल, आणि ‘बी’ म्हणजे दिवस. उरलेला पहिला अंश तेवढा ध्यानात ठेवावा लागतो : निचि सूर्य, गेत्सु चंद्र, का अग्नी, सुइ पाणी, मोकु लाकूड, किन सोने अथवा धातू, दो माती. चिनी ज्योतिषाने पाच ग्रह पाच तत्त्वांना वाटून दिले. मंगळ हा अग्नीचा तारा, बुध पाण्याचा, गुरू लाकडाचा, शुक्र धातूचा, शनी मातीचा. म्हणजे शब्द परके असले तरी क्रम आणि ग्रह आपलेच आहेत. आपल्याकडे मंगळाला ‘अंगारक’ म्हणतात, तेव्हा कायोबीतील अग्नी मराठी माणसास अपरिचित वाटू नये. माती मात्र त्यांनी शनीला दिली. आपण भूमिपुत्र म्हणून मंगळालाच ‘भौम’ म्हणत आलो.

हे वार युरोपियनांनी जपानला दिले, असा समज आम्ही अनेक सुशिक्षितांच्या तोंडून ऐकला आहे. तो खरा नाही. आपल्या देशातील वाराचा सर्वांत जुना कालनिर्दिष्ट उल्लेख मध्य प्रदेशातील एरणच्या स्तंभलेखात, इ. स. ४८४ मध्ये आढळतो. तो गुरुवार आहे. ग्रीक ज्योतिषाच्या वाटेने आलेला हा सप्ताह पुढे बौद्ध पंडितांबरोबर चीनमध्ये गेला. आठव्या शतकात अमोघवज्र नामक भिक्षूने नक्षत्रे व ग्रह यांवरील एक ग्रंथ चिनी भाषेत सिद्ध केला. त्यात सात वारांची भारतीय नावेही चिनी अक्षरांत दिली आहेत : आदित्य, सोम, अंगारक आणि पुढची. शेजारी सोग्दियन व फारसी नावे आहेत. आजचा वार विसरलात तर या परदेशी लोकांना विचारावे, त्यांना तो ठाऊक असतो, असा सल्ला टीकाकाराने दिला आहे ! हाच ग्रंथ जपानी भिक्षू कूकाई याने इ. स. ८०६ मध्ये चीनहून मायदेशी नेला.

त्यानंतर क्योतोच्या दरबारी पंचांगांत वार लिहिले जाऊ लागले. फुजिवारा नो मिचिनागा (९६६–१०२८) या बलाढ्य सरदाराची स्वहस्ते लिहिलेली रोजनिशी सुदैवाने शिल्लक आहे. ती छापील वहीत नव्हे, तर पंचांगाच्याच मोकळ्या ओळींत लिहिलेली आहे. त्या पंचांगात रविवारी तांबड्या शाईने एक अक्षर काढलेले दिसते. ते अक्षर सोग्दियन लोकांच्या ‘मीर’ या शब्दाची, म्हणजे मित्र या सूर्यदेवतेची, चिनी खूण. ती काढणाऱ्यास तिचे मूळ ठाऊक होते की नाही, कोण जाणे ! परंतु ही सारी शुभाशुभ पाहण्याची सामग्री होती. त्या दिवशी कोणी काम थांबविले नाही. जपानने सप्ताह कागदावर शेकडो वर्षे जपला, पण तो जगला नाही.

सप्ताह जगणारी माणसे तेथे १५४९ मध्ये आली. त्या वर्षी १५ ऑगस्ट रोजी संत फ्रान्सिस झेवियर कागोशिमाच्या बंदरात उतरले. गोव्याहून निघालेल्या त्यांच्या सोबत, गोव्यातच बाप्तिस्मा घेतलेला जपानी अंजिरो होता. या धर्मगुरूंनी ग्रहांची नावे शिकविलीच नाहीत. पोर्तुगीज भाषेत सोमवार हा ‘दुसरा’, मंगळवार ‘तिसरा’ असे आकडे आहेत आणि रविवार म्हणजे प्रभूचा दिवस, दोमिंगो. आजचे जपानी वार मिशनऱ्यांचे असते तर ते आकड्यांचेच असते.

पुढे १६१४ मध्ये धर्मावर बंदी आली. धर्मगुरू गेले, मारले गेले. मग रविवार कसा ओळखावयाचा ? भोवतालच्या समाजात सातवा दिवस वेगळा नव्हताच. घंटा नाही, मिस्सा नाही. एक वार चुकला की मागे विचारावयास कोणी नाही. सोतोमे भागात बास्तियान या धर्मशिक्षकाच्या नावाने एक पंचांग राहिले. १६३४ सालच्या ख्रिस्ती सणांची ती जपानी तिथ्यांत बसविलेली मांडणी होती. गुप्त ख्रिस्ती समूहांत पंचांग सांभाळणारा एक आणि बाप्तिस्मा देणारा दुसरा, अशी माणसे नेमलेली असत. आम्हांला या दोघांत पंचांगवाल्याचे काम अधिक अवघड वाटते. बाप्तिस्मा कधीतरी द्यावा लागतो. दिवस मात्र रोज मोजावा लागतो.

१७ मार्च १८६५, शुक्रवार. नागासाकीतील ओउरा येथील नव्या चर्चमध्ये फादर पेतिजाँ यांच्यापाशी उराकामीची काही खेडूत माणसे आली. आपले अंतःकरण तुमच्यासारखेच आहे, असे त्यांनी हळूच सांगितले व पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. बोलता बोलता त्यांनी हेही सांगितले की आपण सध्या दुःखाचा काळ पाळत आहोत आणि आज त्याचा सतरावा दिवस. आम्ही त्या वर्षीचे पंचांग मांडून पाहिले. ईस्टर १६ एप्रिलला, म्हणून राखेचा बुधवार १ मार्चला. १७ मार्च हा प्रायश्चित्तकाळाचा सतरावाच दिवस ! अडीचशे वर्षांच्या बंदीनंतर ही मोजणी रोमशी जुळली होती. हे गणित सुटले तेव्हा आम्ही पेन्सिल खाली ठेवली आणि बराच वेळ तसेच बसून राहिलो.

या भेटीने छळ संपला नाही. उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपार करण्यात आले आणि त्यांतील सहाशेंहून अधिक परत आले नाहीत. शासनाने १ जानेवारी १८७३ पासून सौर कालगणना स्वीकारली. त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला धर्मबंदीचे फलक उतरले. सरकारी कचेऱ्या तोवर तारखेत एक वा सहा असलेल्या दिवशी बंद असत. एप्रिल १८७६ पासून रविवारी पूर्ण व शनिवारी अर्धी सुट्टी सुरू झाली आणि पंचांगातले निचियोबी, दोयोबी घराघरांत पोहोचले. डच भाषेतील रविवारावरून आलेला ‘दोंताकु’ हा शब्दही सुट्टी या अर्थी रूढ झाला. फुकुओकाचा एक मोठा उत्सव आजही हे नाव मिरवतो.

आता त्या तरुणाचे उत्तर. ५ फेब्रुवारी १५९७ हा दिवस बुधवार होता. आजच्या जपानीत सुइयोबी, पाण्याचा वार. टेकडीभोवती जमलेल्या सामान्य जपानी माणसाला मात्र तो बाराव्या महिन्याचा एकोणिसावा दिवस होता, एवढेच. तेथील पोर्तुगीजांच्या तोंडी तो ‘चौथा’ होता. गोन्सालोला दोन्ही भाषा येत होत्या. १५९३ मध्ये हिदेयोशीच्या दरबारात तो फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचा दुभाषी म्हणून उभा राहिला होता. क्रुसावरून तो कोणत्या भाषेत दिवस मोजत होता, हे आम्ही पत्रात लिहू शकलो नाही. दिनदर्शिका आता आमच्या अभ्यासिकेत टांगली आहे आणि ५ फेब्रुवारीच्या चौकटीवर आम्ही तांबड्या शाईने खूण केली आहे.